एक कपसुद्धा फुटला नाही

माझ्या स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर द्राक्षांचे घोस आहेत. एक टाइल कोरी, एकावर घोस, पुन्हा एक कोरी. माझ्या नातीला त्या फार आवडतात. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आमचं छान चालतं. परवा तिनं विचारलं, "आजी, ये अंगूरवाली किसने पसंद की थी?" मी म्हटलं, बाईनं. तिला वाटलं, मी माझ्याच कुणा बहिणीबद्दल बोलते आहे. तसं वाटण्यात तिची चूक नाही. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

बाई म्हणजे आमची शेजारीण. माझ्याहून वयानं मोठी, आणि आमच्या माहेरकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून बाई. दोघींची माहेरं वैनगंगेच्या अंगाची, दोघी लग्न होऊन रायपूरला आलो, दोघी बूढापाऱ्यात, इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात, एकाच गल्लीत पडलो. तिचे रेल्वेत होते, माझे सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात. दोन्ही घरं एकमेकांना चिकटलेली आणि मधली भिंत एकच. हातभर जाड, जुन्या विटांची, मातीत बांधलेली. अर्धी तिची, अर्धी माझी. पण माझ्यासाठी ती नुसती भिंत नव्हती. माझ्या स्वयंपाकघराचं छप्पर कवेलूचं, कौलारू, आणि त्या छपराचं सगळं ओझं ज्या म्यालीवर, म्हणजे ज्या आडव्या जाड लाकडावर, ती म्याल त्या भिंतीत रुतवलेली. भिंत गेली तर छप्पर गेलं, इतका सरळ हिशोब. शिवाय त्या भिंतीत एक कोनाडा होता, सासूबाईंनी बसवलेली बुद्धाची लहान मूर्ती त्यात.

किल्ल्यांचंही सांगायला हवं. तिच्या घराची किल्ली माझ्या चहाच्या डब्यात, माझ्या घराची तिच्याकडे, खिळ्याला. आमच्या गल्लीत ही पद्धतच. कुणी गावाला गेलं, दूधवाला आला, पाऊस आला आणि कपडे वर वाळत असले, तर शेजारीण कुलूप उघडून आत जाणार. किल्ली शेजारी न ठेवणारी बाई म्हणजे घरात काहीतरी लपवून ठेवणारी बाई, असं आम्ही समजायचो. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. अक्कलसुद्धा सगळ्यांना दिसेल अशीच ठेवलेली होती.

तर त्या वेळची मी. पंचेचाळिशी ओलांडलेली, अंगानं भरलेली, आणि आपल्याला माणसं ओळखता येतात अशी ठाम समजूत असलेली. नवरा म्हणायचा, तुला वांगी ओळखता येतात, माणसं नाही. मी म्हणायची, तुम्हाला दोन्ही नाही.

बाईच्या मुलानं घर पाडून तीन मजली बांधायचं काढलं. खाली स्वतः राहायचं, वर शिकणाऱ्या मुलांना खोल्या द्यायच्या. ठेकेदार आला, मोजमापं झाली. मग तो माझ्याकडे आला आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर बोटांची पेरं वाजवून पाहायला लागला, जसा डॉक्टर पाठ वाजवतो. "इधर कॉलम आएगा," असं तो बाईच्या मुलाला म्हणाला. माझे हे नेमके घरी होते. ते शांतपणे म्हणाले की कॉलम तुमच्या जागेत उभे करा, भिंतीला हात लावायचा नाही, आमचं छप्पर तिच्यावर आहे आणि पाऊस तोंडावर आहे. ठेकेदार म्हणाला, चाचाजी, टेन्शन मत लो. हे शब्द ऐकले की माणसानं टेन्शन घ्यावं, हे मला आता कळतं.

मी लगेच बाईकडे गेले. ती गच्चीवर मूगवड्या टाकत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं मानसुद्धा वर केली नाही. पिठाच्या हातानंच म्हणाली, "भिंतीचा विषयच नाही वं. ते तुझी-माझी हाय. तिले कोण हात लावते?"

बस. एवढ्यावर मी घरी आले आणि नवऱ्याशी भांडले. म्हटलं, तुम्हाला सगळीकडे चोर दिसतात. तुम्ही कारखान्यात राहून लोखंडाचे झालात. बाईनं शब्द दिला आहे. ते म्हणाले, शब्द पोराचा घ्यायचा होता, घर पोट्टा बांधून राहिला. मी म्हटलं, आईच्या शब्दाबाहेर तो जाणार आहे का? त्या दिवसापासून त्यांनी मला वकीलसाहेब म्हणायला सुरुवात केली. "वकीलसाहेब, चहा होईन काय?" मला राग यायचा, पण खरं सांगू, थोडा अभिमानही वाटायचा. बाईची वकिली करायची म्हणजे काय लहान गोष्ट होती?

काम सुरू झालं तसं तिचं घर जपायला मी कंबर कसली. त्यांनी पुढचा भाग आधी पाडला, मागच्या खोल्यांत सगळे दाटीवाटीनं राहायला लागले. धूळ इतकी की डाळ निवडताना खडा कुठला नि डाळ कुठली कळू नये. मी तिच्या गाद्या, रजया, टीव्ही, लग्नातलं कपाट, सगळं माझ्या पुढच्या खोलीत आणलं. माझ्या जुन्या पातळांनी झाकलं. टीव्हीला तर मी पातळ गुंडाळून वर सुतळी बांधली, बाळंतिणीचं डोकं बांधावं तशी. तिचा गॅसही काढावा लागला, म्हणून ती माझ्याच ओट्यावर पोळ्या लाटायला यायची. रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात, त्याच भिंतीकडे तोंड करून, आम्ही दोघी पोळ्या लाटायचो. ती लाटायची, मी शेकायची. मधेच ती भिंतीकडे बघत थांबायची. मी विचारायची, काय झालं. ती म्हणायची, काही नाही, तुझा कोनाडा किती छान हाय. मला वाटायचं, किती प्रेमळ आहे बिचारी.

असंच एकदा लाटता लाटता ती म्हणाली की सिरपूरला जाऊन येऊ. तिथले जुने विहार बघू, वंदना करू, घरातल्या धुळीतून एक दिवस सुटका होईल. गाडीचं ती बघणार, पाऱ्यातल्या चार बायकांनाही सांगणार. मी कधी सिरपूर पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःचं घर पडलेलं आणि ही माझ्या सुटकेचा विचार करते. आम्ही गोलबाजारात गेलो, तिनं एक पांढरंशुभ्र नवं कापड घेतलं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, मूर्तीसाठी. मी म्हटलं, वा.

मी पुऱ्या तळल्या, कोरडी बटाट्याची भाजी केली, हिरव्या मिरचीचा ठेचा घेतला. हे पहिल्या पाळीला सकाळीच सिलतऱ्याला गेले. जाताना म्हणाले, बुद्धाला आमचा नमस्कार सांगा, वकीलसाहेब. मी कुलूप लावलं आणि पांढरं पातळ नेसून गाडीत बसले. खिडकीची जागा बाईनं मला दिली.

सिरपूरला मी काय काय बोलले, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. विहाराच्या त्या लाल विटांच्या भिंती बघून मी सगळ्या बायकांना भाषण दिलं. म्हटलं, बघा, राजे गेले, नदीला किती पूर आले, पण भिंत उभी आहे. जुन्या हाताचं काम असंच असतं. आमचीही भिंत अशीच आहे, बाईची आणि माझी. बायका हसल्या. बाई चप्पल काढायला खाली वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

मग आम्ही वंदना घेतली. पंचशील म्हणताना बाई माझ्या शेजारी होती. न दिलेली वस्तू घेणार नाही, हे दुसरं शील. त्या ओळीला तिचा आवाज खाली गेला असं मला आता वाटतं. खरं की मी नंतर मनानं रचलेलं, कोण जाणे. पण चौथ्या शीलाच्या वेळी, म्हणजे खोटं बोलणार नाही, तिचा फोन वाजला हे नक्की. ती उठून झाडाआड गेली. परत आली तेव्हा मी विचारलं, कोण? म्हणाली, "पोट्टा. विचारून राहिला, जेवली काय म्हणून." मी बाकीच्या बायकांकडे वळून म्हटलं, बघा, याला म्हणतात मुलगा.

त्या वेळच्या मला कुणीतरी तिथंच एक चापट मारायला हवी होती. पण हात मोकळे कुणाचेच नव्हते, सगळ्या जणी माझ्या पुऱ्या खात होत्या.

आम्ही परत आलो तेव्हा चांगलं ऊन होतं. गल्लीत शिरलो तर स्कूटरच्या सीटांवर, दुकानांच्या पायऱ्यांवर लाल धुरळा बसलेला. मी म्हटलं, आज मागच्या खोल्या पाडल्या वाटतं. बाई मागून येत होती. मी कुलूप उघडलं.

पुढच्या खोलीत माझं स्वयंपाकघर होतं. म्हणजे स्वयंपाकघरातलं सगळं होतं. डबे उंचीप्रमाणे, मोठा मागे, लहान पुढे, मी ठेवते तसेच. कप कागदात गुंडाळून टोपलीत. ताटं कापडात. बाईच्या गाद्यांच्या शेजारी माझं सामान बसलेलं, पाहुण्यासारखं. क्षणभर मला वाटलं, मी बाईच्याच घरात आले. मग मी आत गेले, आणि आतून उजेड आला. माझ्या स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागायचा. आता तिथं ऊन होतं.

भिंत नव्हती. पलीकडे बाईचा मुलगा उभा होता आणि एक मजूर मशीनची वायर गुंडाळत होता. माझी म्याल लाकडी बल्ल्यांवर टेकवलेली, वर तिरपाल नीट ताणलेलं. मुलगा घाईनं म्हणाला, "मौसी, कुछ नहीं टूटा. एक कप भी नहीं."

खरंच नव्हता फुटला. मी वेड्यासारखी शोधत सुटले. कागद सोडून एकेक कप पाहिला. लोणच्याची बरणी पाहिली. ती माझ्या आजीसासूची, तिचं बूड जरा तिरकं, म्हणून मी ती कापडाच्या चुंबळीवर ठेवते, नाहीतर कलंडते. बरणी चुंबळीवर होती. झाकणावर फडकं, फडक्याला गाठ, दोन पदरी, माझ्यासारखी. त्या मुलाला स्वतःच्या घरातला चहाचा डबा सापडत नव्हता. चुंबळीचं त्याला कुणी सांगितलं? आणि मग कोपऱ्यात, सगळ्यात उंच स्टुलावर, बुद्धाची मूर्ती. नव्या, पांढऱ्याशुभ्र कापडात गुंडाळलेली. कापडाची घडीसुद्धा अजून मोडली नव्हती.

मी मागे वळले. बाई दारात उभी होती. ती माझ्या बाजूनं स्वयंपाकघरात गेली, पातळ जरा उचलून धरलं, विटांच्या ढिगावरून पाय टाकला आणि थेट तिच्या घरात गेली. इतक्या वर्षांत माझ्या घरातून तिच्या घरात जायला आम्हाला गल्लीतून वळसा घालावा लागायचा. त्या दिवशी लागला नाही.

हे पाळीवरून आले, आत बघून बाहेर आले आणि पुढच्या खोलीत स्टोव्ह पेटवून स्वतः चहा टाकला. पहिला घोट घेतल्यावर म्हणाले, "केस हरली, वकीलसाहेब." त्यानंतर त्यांनी मला कधीच वकील म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे काय व्हायचं? मी पाऱ्यातल्या बायकांना सांगायला गेले. त्या बघायला आल्या. डबे बघितले, कप बघितले, बल्ल्या बघितल्या आणि म्हणाल्या, किती जपून केलं हो त्यांनी, आमच्या शेजाऱ्यानं तर आमची टाकी फोडली होती. एकीनं चुंबळीचं फार कौतुक केलं. त्या मूर्तीवरच्या कापडाचं तर सगळ्यांनीच. एक तरी कप फुटला असता तर मला तो हातात घेऊन गल्लीत उभं राहता आलं असतं. एक मी उचललाही होता. मग लक्षात आलं की तो सहाच्या सेटमधला आहे, आणि खाली ठेवला. माझं काय फुटलं हे दाखवायला माझ्याजवळ काही नव्हतं. जे नाही ते दाखवायचं तरी कसं?

चार दिवसांनी बाई तिच्या गाद्या न्यायला आली. मी पातळं काढून गाद्या तिच्या हातात दिल्या. झटकून, नीट घडी घालून. मग विचारलं.

"सांगितलं काहून नाही, बाई? विचारलं काहून नाही?"

ती गादीवर हात फिरवत राहिली. "विचारलं असतं तर तू हो म्हटलं असतं."

"मंग?"

"मंग जन्मभर मले ऐकावं लागलं असतं, का तू भिंत देल्ली."

मी म्हटलं, मी कधी ऐकवलं असतं का? आणि रडायला लागले. ती शांतपणे म्हणाली, "पाह्य, आताच रडून राहिली." आणि गादी डोक्यावर घेऊन निघून गेली.

हे वाक्य मी इतकी वर्षं तोंडात घोळवते आहे, सुपारीच्या खांडासारखं. तिला ठाऊक होतं की मी हो म्हणेन. यांना मी वळवलं असतं, हेही ठाऊक होतं. म्हणजे तिला भिंत तशीही मिळाली असती. माझ्या हातून तेवढी नको होती. पाडायचं मशीन, बल्ल्या, तिरपाल, सिरपूरची गाडी, कापड, एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर माझं "हो" घ्यावं लागू नये म्हणून. चोरानं चोरी केली तर आपण पोलिसात जातो. पण आपण जे हातावर काढून ठेवलं आहे, तेच कुणी पाठ फिरवून चोरून नेलं, तर कुठे जायचं?

आणि मी ऐकवलं असतं का? आता म्हातारपणी खोटं कशाला बोलू, चौथं शील आहे. ऐकवलं असतं. दर मूगवडीमागे ऐकवलं असतं. त्या वेळची मी स्वतःला फार उदार समजायची, आणि बाई मला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती. पण म्हणून तिनं मला गाडीत खिडकीजवळ बसवून न्यायला नको होतं. ऐकवणं वेगळं आणि हे वेगळं.

नवी भिंत झाली. कॉलमची, सिमेंटची, सरळ. जुनीपेक्षा पातळ, तरी माझं स्वयंपाकघर वीतभर अरुंद झालं. भिंत बारीक झाली आणि खोली पण बारीक झाली, हे गणित मला अजून कुणी समजावलेलं नाही. माझी म्याल त्यांनी नव्या भिंतीवर नीट बसवून दिली, पाऊस यायच्या आत. कोनाडा गेला. त्याच्या बदल्यात टाइल्स आल्या, द्राक्षांच्या, बाईनं स्वतः दुकानात जाऊन निवडलेल्या. द्राक्षं मला आवडत नाहीत, हे तिला माहीत होतं.

आणि कुलूप. ते यांनी बदललं, त्याच आठवड्यात, मला न विचारता. नव्या कुलपाची किल्ली आम्ही कुणाकडेच ठेवली नाही. तिची किल्ली मी परत केली. तसंही ते दार भंगारात गेलं होतं. माझी तिच्याकडे होती, ती मात्र मागितली नाही. मागितली असती तर भांडण झालं असतं, आणि भांडायला फुटका कप लागतो. ती किल्ली तिच्या नव्या घरातही खिळ्याला तशीच लटकत राहिली. ती काही उघडत नाही, हे बाईला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. एवढी चैन मी स्वतःला करू दिली.

नंतर बोलणं सुरू झालं. लग्नं झाली, माझे हे गेले तेव्हा बाई पहिली आली आणि शेवटी उठली. लोकांना वाटतं, आम्ही बहिणी आहोत. मी नाही म्हणत नाही.

आता या वर्षी माझ्या मुलानं, तो वेगळा राहतो, स्वयंपाकघराचं कवेलू काढून स्लॅब टाकायचं ठरवलं. म्हणजे ठोकाठोक होणार, हादरे पलीकडे बसणार, धूळ तिच्या खोलीत जाणार. मुलगा म्हणाला, मी त्यांच्या मुलाला फोन करून सांगतो. मी म्हटलं, नको, मी जाते. गुडघे दुखत असताना तिच्या घरी गेले. बाई पलंगावर बसली होती, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून काळा चष्मा सोडत नाही. मी तिच्या समोर नीट बसले, पदर सावरला आणि एकेक गोष्ट सांगितली. कोणत्या भागात काम, किती दिवस, कुठे हादरे बसतील, तिचं कपाट भिंतीपासून सरकवायला माणसं पाठवीन, तिच्या पलंगावर मी स्वतः चादर टाकीन. मग म्हटलं, "मी विचारून राहिली, बाई. तू नाही म्हटलं तर नाही करत."

खरं सांगते, हे वाक्य मी घरी दोनदा म्हणून पाहिलं होतं. मला वाटलं होतं, तिचा चेहरा पडेल. चष्म्यामुळे चेहरा दिसलाच नाही. तिनं तो नाकावर सारखा केला. मग म्हणाली, "कर नं. त्यात विचारते काय?"

मी उठायला लागले. तिनं हात पुढे करून मला थांबवलं आणि पलंगामागच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. माझी किल्ली होती. तिला लाल दोरा बांधलेला, दोरा नवा होता.

"किल्ली हाय माझ्यापाशी," बाई म्हणाली. "जपून ठेवली. तू पोराकडं नाही तर कुठं जाऊन ये दोन-चार दिवस, धूळ नको खाऊ. तुझं सामान मी हलवून ठेवतो."

तिच्या आवाजात काही नव्हतं. ना लाज, ना डाव. ती मनापासून म्हणत होती. इतक्या वर्षांनी, अगदी मनापासून.

"राहू दे तुझ्यापाशी," मी म्हटलं. "या वेळेस मी घरीच हावो."